हेरकथा: कादंबरी, सिनेमा आणि पुढचा भाग – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात सात रस्त्याजवळ आमच्या घरी दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सात-आठ जण जमतात. महिनाभर एक हेरकथा वाचायची, मग तिच्यावरचा सिनेमा सगळ्यांनी मिळून बघायचा आणि सिनेमाचा पुढचा भाग निघाला असेल तर तोही. एप्रिल-मेमध्ये घरात बसवत नाही, म्हणून गच्चीवर चादर बांधून तिच्यावर सिनेमा लावतो. मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. येणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थी आहेत, शेजारच्या वहिनी आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. नवीन माणूस आला की तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवते आहे. जिथे शेवट फुटणार आहे तिथे आधी तसं सांगितलं आहे.

मॅडम, आधी पुस्तक वाचू का आधी सिनेमा बघू?

लेखक बघून ठरवा. जॉन ल कारे असेल तर आधी पुस्तक. त्याची माणसं ओळखीची व्हायला शंभरेक पानं जातात आणि सिनेमाकडे तेवढा वेळ नसतो. रॉबर्ट लडलम असेल तर आधी सिनेमा बघितला तरी काही बिघडत नाही, कारण पुस्तकात गोष्टच वेगळी आहे. फ्रेडरिक फोर्सिथ कुठूनही सुरू करा. इयान फ्लेमिंगचा बाँड मात्र पुस्तकांतून, आणि ती निघाली त्या क्रमाने. त्याचं कारण पुढे येईल.

तुलना करायची म्हणजे नेमकं काय बघायचं?

नवीन आलेले बहुतेक जण वहीत यादी करून आणतात: पुस्तकात हे शहर होतं, सिनेमात ते झालं, इथे नायिका अमुक देशाची होती, तिथे तमुक. यादी जरूर करा, पण तेवढ्यावर थांबू नका. मी एकच प्रश्न लावून धरते: या गोष्टीत किंमत कोणी मोजली, आणि पुढच्या भागाला ती आठवते का?

हेराचं काम विश्वास संपादन करण्याचं आणि तो मोडण्याचं. त्यामुळे प्रत्येक हेरकथेत कोणीतरी फसतं, कोणीतरी जीव गमावतं. पहिल्या भागात हे सगळं होतं आणि दुसऱ्या भागात नायक धुतलेल्या शर्टात ताजातवाना उभा असतो, तेव्हा माझं मन उठतं. ज्या पुढच्या भागाला आधीची जखम ठसठसते, तो मला जवळचा वाटतो. मग त्याने कादंबरीतला एकही प्रसंग जसाच्या तसा घेतला नसला तरी चालेल.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात जेकार्ड मागावर होते. सोलापुरी चादर उलटी करून बघा. वरच्या बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असला, तर खालच्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल मोर असतो. सूत तेच, नक्षी तीच, रंगांची अदलाबदल. चांगलं रूपांतर बऱ्याचदा असंच असतं. पुढच्या उत्तरात याचं अगदी नेमकं उदाहरण आहे.

'द बोर्न आयडेंटिटी'चं पुस्तक वाचायला घेतलं, पण सिनेमातलं काहीच सापडत नाही. मी चुकीचं पुस्तक आणलं का?

बरोबरच आणलंय. (या उत्तरात कादंबरीचं रहस्य फुटतं.)

लडलमची कादंबरी १९८० ची. सिनेमा २००२ चा, दिग्दर्शक डग लायमन, नायक मॅट डेमन. मधल्या बावीस वर्षांत जग बदललं होतं. सुरुवात सारखी आहे: भूमध्य समुद्रातून कोळी एका जखमी माणसाला बाहेर काढतात, त्याला स्वतःचं नाव आठवत नाही आणि त्याच्या शरीरात झुरिकच्या बँकेच्या खात्याचा आकडा दडवलेला असतो. पुस्तकात तो एका बेटावर, वॉशबर्न नावाच्या डॉक्टरकडे कित्येक महिने पडून असतो. झुरिकला पोचल्यानंतर मात्र दोन्ही वाटा फुटतात.

कादंबरीतला शत्रू आहे कार्लोस. हा लडलमच्या कल्पनेतला माणूस नव्हे. इलिच रामिरेझ सांचेझ नावाचा खराखुरा दहशतवादी तेव्हा मोकळा फिरत होता आणि जगभरची पोलीस खाती त्याच्या मागावर होती. १९९४ मध्ये सुदानमधल्या खार्टूममध्ये तो पकडला गेला. तुरुंगात बसलेल्या माणसाला २००२ च्या सिनेमात फरारी खलनायक कसं करणार? म्हणून पटकथेतून कार्लोस गेला आणि त्याच्या जागी आली बोर्नची स्वतःचीच संस्था. यात लायमनच्या घरचाही धागा आहे. त्याचे वडील आर्थर लायमन हे अमेरिकी सिनेटच्या, इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या इराण-काँट्रा प्रकरणाच्या चौकशीत मुख्य वकील होते. सरकारातलीच माणसं लपूनछपून काय करतात आणि उघडं पडल्यावर कशी हात झटकतात, हे त्या घरात माहीत होतं. सिनेमातला तो अधिकारी, जो बंद खोलीत बसून फोनवर माणसं मारायचे हुकूम देतो, तो या ओळखीतून आलाय.

आता चादर उलटी करा. दोन्हीकडे नायकाला एकच भीती खाते: मी भाड्याचा मारेकरी होतो का? कादंबरीत शेवटी कळतं की नाही. 'केन' नावाच्या मारेकऱ्याची कीर्ती मुद्दाम उभी केलेली, कार्लोसला चिथावून बाहेर काढण्यासाठी. दुसऱ्यांनी केलेले खून त्याच्या नावावर चढवले जात होते. खरा माणूस डेव्हिड वेब. नॉम पेन्हमध्ये बायको-मुलं बॉम्बवर्षावात गमावून व्हिएतनामच्या युद्धात उतरलेला. हातावर रक्त आहे, पण जे आरोप त्याला झोपू देत नव्हते ते खोटे निघतात. सिनेमात उलट होतं. तिथे तो खरोखरच मारेकरी असतो. एका बोटीवर ज्याला मारायला गेला, त्याच्या अंगावर लहान मूल झोपलेलं बघून त्याचा हात थांबला आणि तिथून सगळं फिसकटलं. म्हणजे कादंबरीत सत्य कळल्यावर ओझं उतरतं, सिनेमात ते खांद्यावर बसतं. भीती तीच, रंग उलटे.

नायिकेचंही तसंच. पुस्तकातली मारी कॅनडा सरकारची अर्थतज्ज्ञ आहे. बोर्न तिला पिस्तुलाच्या धाकाने ओलीस धरतो आणि पुढे पैशांचा माग तीच काढते. बँकेतून बँकेत पैसा कसा फिरतो हे तिला कळतं, त्याला नाही. सिनेमातली मारी पैशाची चणचण असलेली, ठिकाणा नसलेली जर्मन मुलगी. वीस हजार डॉलरच्या बोलीवर ती त्याला पॅरिसला सोडते. मला पुस्तकातली मारी जास्त आवडते आणि ती सिनेमात आली नाही याची हळहळ अजून वाटते.

पुस्तकाशी इमान राखणारं रूपांतर हवंच असेल तर १९८८ ची रिचर्ड चेंबरलेन आणि जॅक्लिन स्मिथची दोन भागांची टीव्ही-फिल्म शोधा. संथ आहे, पण कार्लोस आहे, डॉक्टर आहे.

'द बोर्न सुप्रीमसी' या दुसऱ्या भागात सुरुवातीलाच मारीला मारलं. कादंबरीत तर ती शेवटपर्यंत जिवंत आहे. हे बरोबर केलं का?

आमच्या गच्चीवर यावरून जेवढा वाद झाला तेवढा दुसऱ्या कशावरून झाला नाही. गोवा दिसल्याबरोबर सगळे खूश झाले होते, "अरे हे तर आपलंच!" आणि पुढच्या काही मिनिटांत गाडी पुलावरून नदीत पडली. शेजारच्या वहिनी उठून खाली गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

१९८६ च्या कादंबरीत वेब आणि मारी अमेरिकेत मेन राज्यात संसार करत असतात, तो विद्यापीठात शिकवत असतो. त्याचंच सरकार मारीला पळवून नेतं, कारण हाँगकाँगमध्ये कोणीतरी 'जेसन बोर्न' हे नाव घेऊन खून पाडतोय आणि त्याला पकडायला खरा बोर्न हवा. हाँगकाँग १९९७ मध्ये चीनकडे जाणार हे १९८४ च्या कराराने ठरलेलं होतं. त्या धास्तीवर सगळी कादंबरी उभी आहे. कौलून, मकाव, थेट बीजिंगमध्ये माओच्या स्मारकात गोळीबार. २००४ मध्ये यातलं काहीच ताजं राहिलेलं नव्हतं. सिनेमाने नाव तेवढं ठेवलं आणि गोष्ट नवी लिहिली.

आता माझं मत. मारीला मारून नायकाला सूड घ्यायला मोकळं सोडायचं, ही फार जुनी आणि स्वस्त युक्ती आहे. सिनेमा तिथेच थांबला असता तर मी त्याला माफ केलं नसतं. पण शेवट बघा. (इथून शेवट फुटतो.) बोर्न मॉस्कोला जातो तो कोणाला मारायला नाही. वर्षांपूर्वी बर्लिनच्या हॉटेलात त्याने एका रशियन पुढाऱ्याला आणि त्याच्या बायकोला मारलं होतं आणि बायकोनेच नवऱ्याला मारून आत्महत्या केली असं भासवलं होतं. त्यांची मुलगी आईला खुनी समजत मोठी झाली. बोर्न लंगडत तिच्या खोलीत जाऊन बसतो आणि सांगतो: तुझ्या आईने काही केलं नव्हतं, मी केलं. माझं माणूस गेलं तेव्हा मला कळलं की तुझं काय गेलं. या वाटेने तो तिथवर आलेला असतो. मारीचा मृत्यू त्या खोलीपर्यंत पोचतो. एवढ्या मोठ्या थरारपटाचा शेवट एका माफीवर करायला दिग्दर्शक पॉल ग्रीनग्रासकडे धीर हवा, तो होता.

वहिनींना हा शेवट मी दुसऱ्या दिवशी तोंडी सांगितला. त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे." सिनेमा त्यांनी अजून पुन्हा बघितलेला नाही.

तिसरा भाग दुसऱ्याच्या नंतरचा की आधीचा? फोनवरचं तेच बोलणं दोन्हीत आहे!

हे पकडलंत म्हणजे नीट बघताय. 'सुप्रीमसी'च्या शेवटी बोर्न न्यूयॉर्कमध्ये समोरच्या इमारतीतून सीआयएची अधिकारी पामेला लँडी हिला फोन करतो. 'अल्टिमेटम' (२००७) सुरू होतो मॉस्कोमधून, त्या फोनच्या आधीपासून. म्हणजे तिसऱ्या भागाचा बराचसा ऐवज दुसऱ्याच्या शेवटच्या दोन प्रसंगांच्या मधल्या फटीत बसवलाय. तेच संभाषण पुन्हा आलं की अर्थ बदलतो: आधी जी सहज सांगितलेली जन्मतारीख वाटली, ४-१५-७१, ती आता ७१ व्या रस्त्यावरचा पत्ता ठरते. या सिनेमाला संकलन आणि ध्वनीसाठी मिळून तीन ऑस्कर मिळाले. कादंबरीशी (१९९०) संबंध नावापुरता. तिथे म्हातारा होत चाललेला कार्लोस आणि पन्नाशीचा, दोन मुलांचा बाप झालेला वेब यांची शेवटची गाठ आहे. कार्लोस ज्यांना हवा त्यांनी ती वाचावी.

'बोर्न लेगसी'चं पुस्तक आणि सिनेमा?

दोन्हींत नावापलीकडे काही सारखं नाही. लडलम २००१ मध्ये गेला. २००४ ची ती कादंबरी एरिक व्हॅन लस्टबेडरची. २०१२ च्या सिनेमात बोर्न फक्त फोटोत दिसतो. घाई नसेल तेव्हा बघा.

बाँडची पुस्तकं क्रमानेच का वाचायची? प्रत्येक गोष्ट सुटी आहे ना?

सिनेमांमुळे तसं वाटतं. पुस्तकांत बाँड थकतो, त्याला जखमा होतात आणि त्या पुढच्या पुस्तकापर्यंत टिकतात. सगळ्यात मोठं नुकसान क्रम उलटल्यामुळे झालंय, ते सांगते. (शेवट फुटतो.)

फ्लेमिंगची 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' १९६३ ची. बाँड ट्रेसीशी लग्न करतो आणि लग्नानंतर काही वेळातच बाँडचा कट्टर शत्रू ब्लोफेल्ड याने घडवलेल्या गोळीबारात ती गाडीत मरते. पुढच्याच वर्षीच्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये बाँड पार मोडलेला आहे, कामात चुका करतोय, वरिष्ठ त्याला काढायच्या बेतात आहेत. शेवटची संधी म्हणून त्याला जपानला धाडतात आणि तिथे विषारी झाडांच्या बागेत राहणारा परदेशी डॉक्टर म्हणजे ब्लोफेल्डच निघतो. एका पुस्तकातलं दुःख दुसऱ्या पुस्तकाचं इंधन झालंय.

सिनेमावाल्यांनी जपानची गोष्ट आधी काढली, १९६७ मध्ये, तीही ज्वालामुखीच्या पोटात रॉकेटचा तळ घालून. लग्नाची नंतर, १९६९ मध्ये, नव्या नटाला घेऊन. त्यामुळे १९६७ मध्ये समोरासमोर भेटलेले बाँड आणि ब्लोफेल्ड १९६९ मध्ये एकमेकांना ओळखत नाहीत. ते एक वेळ सोडा. पण ट्रेसीच्या मरणाला पुढचा भागच उरला नाही! १९७१ मध्ये शॉन कॉनरी परतला आणि गोष्ट हिऱ्यांकडे वळली. तिच्या थडग्यावर फुलं ठेवायला बाँड पडद्यावर पोचला तो १९८१ मध्ये, 'फॉर युवर आइज ओन्ली'च्या सुरुवातीला. बारा वर्षं लागली. एकटा १९६९ चा सिनेमा घेतला तर कादंबरीशी त्याच्याइतके प्रामाणिक बाँडपट थोडेच निघतील, हे वाचल्यावर जास्त खुपतं.

'क्वांटम ऑफ सोलेस' लई बेकार आहे म्हणतात. खरंय का?

एकटा बघितलात तर तुटक वाटेल. 'कॅसिनो रोयाल' (२००६) संपल्यावर पंधरा मिनिटं चहा घ्या आणि लगेच 'क्वांटम' (२००८) लावा. पहिला संपतो तिथून तासाभराच्या आत दुसरा सुरू होतो. बाँडपटांत असा सलग दुसरा भाग तोवर झालेला नव्हता. पटकथेचं काम हॉलिवूडच्या लेखकांच्या संपात सापडलं, त्याच्या खुणा दिसतात. पण एकशे सहा मिनिटांच्या या सिनेमात एक गोष्ट मला सच्ची वाटते: पहिल्या भागात गमावलेल्या वेस्परला, आपल्या प्रेयसीला, बाँड विसरलेला नाही, झोपत नाही, पितो, आणि त्यावर बोलत नाही. शेवटी तो तिच्या गळ्यातला गोफ बर्फात टाकून चालू लागतो.

पुस्तकातली (१९५३) वेस्पर झोपेच्या गोळ्या घेऊन जाते, सिनेमातली व्हेनिसमध्ये बुडून. जुगारही बदललाय, बॅकराच्या जागी पोकर आला. आणि 'क्वांटम ऑफ सोलेस' नावाची फ्लेमिंगची कथा वाचायला गेलात तर गव्हर्नरच्या बंगल्यात जेवणानंतर ऐकलेली एका बिघडलेल्या संसाराची हकिकत मिळेल. गोळी एकही नाही. कथा म्हणून फार सुंदर आहे.

नाव तेच ठेवून गोष्ट पार बदलतात, हे लेखकाला चालतं?

कधी लेखकच तसं सांगतो. 'द स्पाय हू लव्ह्ड मी' (१९६२) एका तरुणीच्या तोंडून सांगितलेली आहे, बाँड त्यात बऱ्याच उशिरा येतो. फ्लेमिंगने सिनेमासाठी फक्त नाव वापरायची परवानगी दिली. आकडाही बदलतो: जेम्स ग्रेडीच्या 'सिक्स डेज ऑफ द काँडॉर'चा १९७५ मध्ये 'थ्री डेज' झाला. रॉबर्ट रेडफर्डचा तो सिनेमा जरूर बघा. जेवण आणायला बाहेर गेलेला वाचनाचं काम करणारा कारकून परत येतो तर कचेरीतले सगळे मारलेले, या एका प्रसंगासाठी तरी.

'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' दोनदा बघितला, तरी डोक्यावरून गेला. काय करू?

तुम्ही एकटे नाही. आमच्याकडे पहिल्यांदा लावला तेव्हा दोघं झोपले आणि उरलेल्यांनी दर दहा मिनिटांनी थांबवायला लावला.

२०११ चा टोमास आल्फ्रेडसनचा सिनेमा साधारण सव्वादोन तासांचा आहे. १९७४ ची कादंबरी मात्र आठवणीत आठवण, तिच्यात तिसरी आठवण अशी विणलेली. ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या अगदी वरच्या चार-पाच जणांत एक रशियाचा माणूस आहे, आणि निवृत्त केलेल्या जॉर्ज स्मायलीला तो शोधायचाय. एवढी गोष्ट हातात घट्ट धरा. मग स्मायलीच्या चष्म्याकडे बघा. नोकरी गेल्यावर तो नवा चष्मा घेतो. जुनी फ्रेम दिसली की भूतकाळ, नवी दिसली की आत्ता. ही खूण सांगितल्यापासून आमच्याकडे कोणी झोपलेलं नाही. ऑफिसातली ख्रिसमसची पार्टी पुन्हा पुन्हा येते. ती कादंबरीत नाही, सिनेमाने घातली आणि कोण कोणाकडे बघतंय हे सांगायला वापरली. त्या गर्दीत ल कारे स्वतः एका कोपऱ्यात आहे.

तरीही नाही जमलं, तर १९७९ ची बीबीसीची सात भागांची मालिका. अलेक गिनेस त्यात स्मायली आहे. ती कादंबरीच्या चालीने चालते.

या दोहोंत तुलनेला माझी सगळ्यात आवडती जागा दिल्लीची आहे. पन्नासच्या दशकात स्मायली दिल्लीच्या तुरुंगात एका पकडलेल्या रशियन हेराला भेटतो आणि आमच्या बाजूला ये म्हणून रात्रभर समजावतो. समोरचा माणूस एक शब्द बोलत नाही. जाताना स्मायलीचा, बायकोने दिलेला लायटर घेऊन जातो. तो कार्ला, पुढे रशियन हेरखात्यातला स्मायलीचा कट्टर शत्रू. मालिकेत तो प्रसंग दाखवलाय, कार्ला झालाय पॅट्रिक स्ट्युअर्ट. सिनेमात काहीच दाखवत नाहीत. गॅरी ओल्डमन रिकाम्या खुर्चीपुढे बसून, थोडी घेतलेली, तो प्रसंग सांगतो आणि बघता बघता खुर्चीशीच बोलायला लागतो. कार्लाचा चेहरा आपल्याला दिसत नाही. स्मायलीलाही आता तो आठवत नसतो. इथे सिनेमा जिंकला, असं मी वर्गातही सांगायचे.

मालिकेचा पुढचा भाग 'स्मायलीज पीपल' १९८२ चा. मधली कादंबरी, हाँगकाँगपासून लाओसपर्यंत पसरलेली 'द ऑनरेबल स्कूलबॉय', बीबीसीने ओलांडली. तो लायटर शेवटी पुन्हा दिसतो. कुठे, कसा, हे लिहीत नाही. एकदा मी भर वर्गात 'टिंकर टेलर'मधल्या फितुराचं नाव बोलून गेले होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने पुस्तक निम्मं वाचलं होतं. ते मिटून दप्तरात टाकताना तिचा चेहरा मला अजून दिसतो.

फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल हल्ल्यातून जिवंत राहणार हे इतिहासालाच माहीत आहे. मग 'डे ऑफ द जॅकल'मध्ये थरार कसला?

कामाचा. जॅकल खोटा पासपोर्ट कसा काढतो (लहानपणीच वारलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावरून), बंदूक कुठून बनवून घेतो, झाडाला कलिंगड टांगून नेम कसा बसवतो, हे फोर्सिथ इतक्या शिस्तीने सांगतो की आपण नकळत मारेकऱ्याच्या कामावर लक्ष ठेवायला लागतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो रॉयटर्सचा बातमीदार म्हणून पॅरिसमध्ये होता; १९६२ मध्ये द गॉलवर झालेला खरा हल्ला कादंबरीच्या सुरुवातीलाच आहे. १९७० च्या जानेवारीत पस्तीस दिवसांत त्याने ही लिहून काढली.

१९७३ चा फ्रेड झिनमनचा सिनेमा कादंबरीच्या पावलावर पाऊल ठेवून जातो आणि पार्श्वसंगीत जवळजवळ वापरत नाही. रेल्वेतल्या काकांना तो फार आवडतो: "यात गाड्या वेळेवर येतात," म्हणतात. १९९७ चा ब्रूस विलिसचा सिनेमा तेच नाव लावणार होता. फोर्सिथ आणि झिनमन दोघांनीही हरकत घेतली, म्हणून तो नुसता 'द जॅकल' झाला. २०२४ च्या एडी रेडमेनच्या मालिकेने काळ आजचा केलाय.

आणि एक धागा जोडून घ्या. मघाचा कार्लोस वर्तमानपत्रांत 'जॅकल' झाला तो या कादंबरीवरून. त्याच्याशी संबंध असलेल्या लंडनच्या घरात ती एका बातमीदाराला दिसली. कादंबरीने खऱ्या माणसाला नाव दिलं आणि तो माणूस पुढे लडलमच्या कादंबरीत शिरला.

जॅक रायनचे सिनेमे कुठल्या क्रमाने?

टॉम क्लॅन्सीची 'हंट फॉर रेड ऑक्टोबर' (१९८४) आधी आली, पण 'पेट्रियट गेम्स' (१९८७) घडते तिच्या आधी. सिनेमात बाल्डविन, फोर्ड, ॲफ्लेक असे नट बदलत गेले आणि २००२ च्या 'सम ऑफ ऑल फिअर्स'मध्ये तर रायन पुन्हा अविवाहित तरुण झाला. कादंबरीत तोवर तो सीआयएचा उपसंचालक आहे. क्रम लावत बसू नका. 'रेड ऑक्टोबर' बघा, पाणबुडीतली ती शांतता ऐका.

हिंदीत कादंबरीवरून केलेलं काय आहे?

'राझी' (२०१८). मूळ पुस्तक हरिंदर सिक्कांचं 'कॉलिंग सहमत', २००८ चं. १९७१ च्या युद्धाआधी पाकिस्तानी लष्करी घराण्यात सून म्हणून गेलेली काश्मिरी मुलगी. मेघना गुलजारच्या सिनेमातला पाकिस्तानी नवरा सभ्य आहे, सासर प्रेमळ आहे, आणि म्हणूनच सहमतने केलेली प्रत्येक गोष्ट आपल्याला बोचते. ज्यांना सिनेमा पुरेसा देशभक्त वाटला नाही त्यांच्याशी मी वाद घालते. देशासाठी तिने काय दिलं हे दाखवलं नसतं, तर तिचा मान वाढला नसता. 'बेबी' (२०१५) आणि तिच्यातल्या शबानाची आधीची गोष्ट सांगणारा 'नाम शबाना' (२०१७) यांना कादंबरी नाही, 'टायगर'च्या तीन भागांनाही नाही.

मराठीत?

बाबूराव अर्णाळकरांचा झुंजार आणि काळापहाड वाचून आमच्या आधीची पिढी वाढली. वडील जेवणाच्या सुट्टीत मागापाशी बसून वाचायचे. ती रहस्यकथा, हेरकथा म्हणता येणार नाही. ज्या मातीत बहिर्जी नाईक होऊन गेले तिथे, हेराच्या मनात उतरणारी मोठी कादंबरी आणि तिच्यावरचा तितकाच मोठा सिनेमा मला अजून हवाय. गच्चीवर येणाऱ्यांतली दोन मुलं लिहितात. त्यांना मी दर महिन्याला विचारते.

इंग्रजी जड जातं. तरी येऊ का?

या. आमच्यातल्या दोघींचं घरचं बोलणं तेलुगू आहे, शाळा मराठी, आणि त्या ल कारे वाचतात. रोज आठ पानं, शब्दकोश जवळ ठेवून. मराठी अनुवाद मिळाला तर तोही चालतो. हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी करा, नाही मिळालं तर माझ्याकडच्या प्रती आहेत. सिनेमा खालच्या अक्षरांसह लावतो, आणि कोणी "थांबवा" म्हटलं की थांबवतो.

चोपन्न वर्षांनी आलेला पुढचा भाग वाचण्यासारखा असतो का?

'अ लेगसी ऑफ स्पाइज'बद्दल विचारताय. 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' १९६३ ची. तिच्यावरचा रिचर्ड बर्टनचा कृष्णधवल सिनेमा १९६५ चा. अलेक लीमस नावाचा दमलेला हेर आणि लिझ नावाची ग्रंथालयात काम करणारी, भाबडी मुलगी. बर्लिनच्या भिंतीपाशी काय होतं ते इथे सांगत नाही. सिनेमा त्या शेवटाला कुठेही सौम्य करत नाही, एवढं सांगते. (लिझचं नाव मात्र त्यात नॅन झालंय.)

ल कारेने २०१७ मध्ये, पंच्याऐंशी वर्षांचा असताना, त्याच प्रकरणाकडे पुन्हा तोंड वळवलं. स्मायलीचा जुना सहकारी पीटर गिलम फ्रान्समधल्या ब्रिटनीत शेतावर निवांत म्हातारपण काढतोय. त्याला लंडनहून पत्र येतं. लीमसचा मुलगा आणि लिझची मुलगी कोर्टात जायला निघालेत: आमच्या माणसांचं तुम्ही काय केलंत, याचा हिशोब द्या. जुन्या फायली बाहेर निघतात, तरुण वकील गिलमला प्रश्न विचारतात आणि पूर्वी जे शौर्य म्हणून खपलं त्याला आता दुसरं नाव द्यावं लागतं. थरार कमी आहे, कागदपत्रं जास्त. मला एका बैठकीत वाचून झाली.

या महिन्यात आम्ही या दोन्ही वाचतोय. पहिली जेमतेम अडीचशे पानांची आहे, ती पंधरा दिवसांत संपवा. दुसरीच्या दोन प्रती आहेत, एक काकांकडे, एक माझ्याकडे. ज्याला आधी हवी त्याने कळवा.